हिंसेवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम: कामगार संघटनेतल्या एका कार्यकर्तीचा अभिप्राय

राजकीय विचारवंतांनी हिंसेचा अर्थ कसा लावला, यावरचा बारा व्याख्यानांचा ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. व्याख्यानं ध्वनिमुद्रित आहेत, प्रत्येकासोबत मूळ लेखनातले उतारे मराठीत वाचायला दिलेत, आणि आठवड्यातून एकदा शिकवणाऱ्या बाईंबरोबर थेट चर्चा असते. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का राखला, तेही लिहिते, कारण ती उणीव किरकोळ नाही.

मी कामगार संघटनेचं काम करते. गेट मीटिंगा, मागणीपत्रं, चौकश्या, वाटाघाटी यातच दिवस जातो. आमच्या बैठकांत, विशेषतः तरुण पोरांच्या तोंडी, एक वाक्य सतत येतं: "ताई, ही व्यवस्थाच हिंसक आहे. मग आम्ही काच फोडली तर तेवढीच हिंसा कशी?" या वाक्यातला राग खरा आहे हे मला कळतं. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मला कधी पटला नाही, आणि का पटत नाही हे नीट मांडताही येत नव्हतं. अभ्यासक्रमाला नाव घातलं ते यासाठी.

सुरुवात सतराव्या शतकातल्या हॉब्ज या इंग्रज विचारवंतापासून होईल असं वाटलं होतं, पण बाई वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञापासून सुरू करतात, आणि हा निर्णय फार चांगला आहे. 28 जानेवारी 1919 ला म्युनिकमध्ये मॅक्स वेबर विद्यार्थ्यांसमोर बोलतो आणि राज्याची व्याख्या करतो: ठराविक भूभागात वैध बळाच्या वापराची मक्तेदारी आपल्याकडे असल्याचा दावा यशस्वीपणे करणारा समुदाय म्हणजे राज्य. ही व्याख्या पाठ्यपुस्तकात वाचली की कोरडी वाटते. बाई ती त्या महिन्यात नेऊन ठेवतात. त्याआधी दोनच आठवडे, 15 जानेवारीला, बर्लिनमध्ये रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त या क्रांतिकारी समाजवादी नेत्यांचा खून झाला होता. भाषणानंतर महिन्याच्या आत, 21 फेब्रुवारीला, त्याच म्युनिकच्या रस्त्यावर बव्हेरियाच्या सरकारचा प्रमुख कुर्ट आइस्नर गोळी घालून मारला गेला. ती मक्तेदारी डोळ्यांदेखत ढासळत असताना वेबर तिची व्याख्या करत होता.

इथे बाई एक गैरसमज वेळीच थांबवतात. वेबर म्हणतो म्हणून राज्य म्हणजे निव्वळ मारझोड, असा अर्थ निघत नाही. मारण्याचा अधिकार फक्त आपला, किंवा आपण ज्याला देऊ त्याचा, हा दावा आणि तो लोकांनी मान्य करणं, ही दोन्ही अंगं त्यात आहेत. मला हे लगेच कामाचं वाटलं. संपाच्या वेळी मालकाचा खासगी सुरक्षारक्षक कामगाराला ढकलतो तेव्हा त्याच्या हाताला हा अधिकार कुणी दिला, हा प्रश्न त्या व्याख्येतूनच सरळ विचारता येतो. अधिकाऱ्यासमोर असा प्रश्न मांडला की निदान चर्चा तरी होते.

हॉब्ज पुढच्या व्याख्यानात येतो आणि लवकर आटोपतो. 1651 चं त्याचं लिखाण, यादवी युद्धाची भीती, तलवारीशिवाय करार म्हणजे नुसते शब्द हा त्याचा मुद्दा, एवढं सगळं ओळखीचं आहे. एक गोष्ट मात्र मला नवी होती. इतकं सर्वंकष सार्वभौमत्व मांडणारा हॉब्जसुद्धा, राजाने एखाद्याला स्वतःचा जीव घ्यायला सांगितलं तर ते न ऐकण्याची मोकळीक त्या माणसाकडे राहते, असं म्हणतो. जीव वाचवण्याचा हक्क त्याच्या हिशोबात कुणालाच देऊन टाकता येत नाही.

अभ्यासक्रमाचा खरा गाभा वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंतापासून सुरू होतो. 1921 चा त्याचा निबंध अवघड आहे, आणि पहिल्या ऐकण्यात तो कुणाला पूर्ण कळेल असं मला वाटत नाही. बाई घाई करत नाहीत. कायदा निर्माण करणारी हिंसा आणि कायदा टिकवून धरणारी हिंसा, असा फरक बेंजामिन करतो. लढाई जिंकून नवी सत्ता येते ती पहिली. रोजची सक्ती, तुरुंग, शिक्षा ही दुसरी. आणि पोलिसांमध्ये या दोहोंची सरमिसळ होते, असं तो सांगतो: कायदा स्पष्ट नसेल तिथे "सुरक्षेसाठी" म्हणून पोलीस जागच्या जागी नियमच तयार करतात.

पण मला खिळवून ठेवलं ते त्याने संपाबद्दल लिहिलेल्या भागाने. राज्य कामगारांना संपाचा हक्क देतं, कारण राज्याच्या दृष्टीने संप म्हणजे काही करणं नसून न करणं आहे, कामापासून बाजूला होणं आहे. कामगारांच्या बाजूने बघितलं तर तोच हक्क विशिष्ट हेतू साधण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क ठरतो. सार्वत्रिक क्रांतिकारी संप पुकारला जातो तेव्हा ही दोन आकलनं समोरासमोर येतात: राज्य म्हणतं हा हक्काचा गैरवापर, कामगार म्हणतात हा हक्कच. इतकी वर्षं वाटाघाटीच्या टेबलावर मी हा झगडा अनुभवला आहे. "संप तुमचा हक्क आहे, पण आत्ता करू नका, असा करू नका, इतके दिवस करू नका" या वाक्याचं मूळ कुठे आहे ते मला या व्याख्यानात दिसलं. सोरेल हा फ्रेंच विचारवंत इथेच येतो. तो पेशाने अभियंता होता, 1908 मध्ये त्याने सार्वत्रिक संपाला कामगारांना एकत्र बांधणारी मिथककथा म्हटलं, आणि वरून लादलेलं राज्याचं बळ व खालून उसळणारी कामगारांची हिंसा यांत भेद केला. सोरेलकडे हिंसेचं कौतुक आहे आणि ते मला खुपतं. बाई ते झाकत नाहीत, त्याची भलामणही करत नाहीत.

बेंजामिनमधली आणखी एक जागा सहसा कुणी सांगत नाही, ती त्यांनी सांगितली. हिंसेशिवाय माणसांमधले वाद मिटू शकतात का, असं तो विचारतो आणि हो म्हणतो. सौजन्य, सहानुभूती, शांततेची ओढ, विश्वास यांच्या आधाराने, बोलण्याच्या क्षेत्रात, ते शक्य आहे. ज्याने कायद्याच्या मुळाशी हिंसा पाहिली त्याच माणसाने हेही लिहिलं. आमच्या धंद्यात दोन्ही बाजू रात्री उशिरापर्यंत बसून करारावर सह्या करतात तेव्हा नेमकं काय घडतं, याला कुणीतरी तत्त्वज्ञानात जागा दिली याचं मला मनापासून समाधान वाटलं.

फॅनॉनवरचं व्याख्यान मी दोनदा ऐकलं. फ्रान्झ फॅनॉन हा मार्टिनिकचा, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. 1953 पासून अल्जीरियातल्या ब्लिडाच्या रुग्णालयात काम, 1956 मध्ये राजीनामा, स्वातंत्र्यलढ्यात सहभाग, आणि 1961 मध्ये, त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं त्याच वर्षी, वयाच्या 36 व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू. वसाहतवाद मुळातच हिंसेवर उभा आहे आणि वसाहतीतला माणूस प्रतिहिंसेतून आपलं हरवलेलं माणूसपण परत मिळवतो, हा त्याच्या पहिल्या प्रकरणाचा सूर. आमच्याकडची पोरं फॅनॉनचं नाव घेतात ती तेवढ्यावर. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने त्या पुस्तकाला जोडलेली प्रस्तावना तर त्याहून कितीतरी चढ्या आवाजात बोलते.

बाईंनी वाचायला दिला तो मात्र शेवटच्या प्रकरणातला उतारा. त्यात फॅनॉनच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. एक युरोपीय पोलीस निरीक्षक. दिवसभर कैद्यांचा छळ करणं हे त्याचं काम. घरी गेला की तो बायकोला आणि मुलांना मारू लागतो. तो डॉक्टरकडे येतो ते हे काम सोडण्यासाठी नव्हे. सदसद्विवेकाची टोचणी न लागता छळ करत राहता यावं, यासाठी त्याला उपचार हवे असतात. दुसऱ्या नोंदीत दोन अल्जीरियन मुलं आहेत, 13 आणि 14 वर्षांची. त्यांनी त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या एका युरोपीय मुलाला मारलेलं असतं. त्यांचं त्याच्याशी भांडणही नव्हतं. फॅनॉन या नोंदी डॉक्टरच्या भाषेत लिहितो, काही लपवत नाही, आपल्या बाजूच्या माणसांचंही नाही. हिंसा माणसाला मोकळं करते असं पहिल्या प्रकरणात म्हणणाऱ्यानेच तिने काय काय मोडलं याचीही नोंद ठेवली आहे. फॅनॉनला जे घोषणेसारखा वापरतात त्यांनी हा उतारा वाचायलाच हवा. आमच्या अभ्यासवर्गात मी तो वाचून दाखवणार आहे.

हॅना अरेंट या जर्मनीत जन्मलेल्या राजकीय विचारवंत बाईनेही 1970 मध्ये हेच टिपलं होतं, की फॅनॉनच्या चाहत्यांनी बहुधा पहिलंच प्रकरण वाचलं असावं आणि स्वतः फॅनॉन हिंसेबद्दल त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त साशंक होता. अरेंटवर दोन व्याख्यानं आहेत आणि माझ्या मते ती सगळ्यांत भक्कम आहेत. तिच्या मते सत्ता म्हणजे माणसांनी मिळून, एकमेकांच्या संमतीने कृती करण्याची क्षमता. ती कुणा एकट्याची नसते आणि लोक एकत्र आहेत तोवरच राहते. हिंसा हे साधन आहे, तिला हत्यारं लागतात, आणि हत्यारं असली की माणसांची संख्या फारशी लागत नाही. म्हणून सत्तेचं टोक म्हणजे एकाविरुद्ध सगळे आणि हिंसेचं टोक म्हणजे सगळ्यांविरुद्ध एक. हिंसा सत्ता नष्ट करू शकते, निर्माण करू शकत नाही. गेटवर चार हजार माणसं शांत बसलेली असताना व्यवस्थापन ज्या घाईने चर्चेला बोलावतं आणि दहा जणांनी दगडफेक केल्यावर ज्या निर्धास्तपणे निलंबनाच्या नोटिसा काढतं, ते ज्याने पाहिलंय त्याला अरेंट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तिचा दुसरा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला. हिंसेचं समर्थन करता येऊ शकतं, पण तिला वैधता कधीच मिळत नाही. आणि समर्थन ज्या उद्दिष्टाच्या नावाने करायचं ते जितकं दूर भविष्यात, तितकं समर्थन पातळ होत जातं. अंगावर कुणी चालून आलं तर स्वतःला वाचवण्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही, कारण धोका समोर उभा असतो. "उद्याच्या न्याय्य समाजासाठी" म्हणून आज कुणाला मारणं, हे त्या कसोटीवर टिकत नाही. गांधींबद्दलही ती स्पष्ट बोलते: समोर इंग्लंडऐवजी स्टालिनचा रशिया किंवा हिटलरचा जर्मनी असता तर परिणाम कत्तलीत झाला असता, असं तिचं मत. हे वाक्य ऐकून चर्चेत बरेच जण अस्वस्थ झाले. बाईंनी ते तसंच राहू दिलं, आणि मग गांधींवरच्या व्याख्यानात गांधींनी 1920 मध्ये लिहिलेलं पुढे ठेवलं, की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. त्यानंतर दीडच वर्षाने, फेब्रुवारी 1922 मध्ये, चौरीचौऱ्यानंतर त्याच माणसाने भरात आलेलं आंदोलन थांबवलं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर गांधींचा विचार किती कसाचा होता ते कळतं.

आता तारा राखण्याचं कारण. योहान गाल्टुंग या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1969 मध्ये संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडली. माणसाला जे शक्य होतं आणि जे प्रत्यक्षात वाट्याला आलं, यातली टाळता येण्याजोगी तफावत म्हणजे हिंसा. अठराव्या शतकात क्षयाने कुणी मेला तर ती हिंसा म्हणता येणार नाही, पण औषधं असताना आज तसा मेला तर ती हिंसा, हे त्याचंच उदाहरण. मला ही कल्पना पूर्णपणे मान्य आहे. धुळीच्या खात्यात धड मास्क न देता वर्षानुवर्षं राबवलेला कामगार फुफ्फुसं निकामी होऊन जातो, तेव्हा त्याला कुणी हात लावलेला नसतो. मी त्याला हिंसाच म्हणते आणि म्हणत राहीन.

पण मग पुढे काय, या प्रश्नावर हे व्याख्यान गप्प बसतं. बाई उदाहरणामागून उदाहरण देत जातात, भूक, बेघरपणा, शाळा सुटणं, सगळं त्या एका कल्पनेखाली येतं, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या मनात जे उरतं ते आमच्या पोरांचं तेच वाक्य: सगळंच हिंसा, मग आमच्याच हिंसेला का नाव ठेवता? एखाद्या गोष्टीला हिंसा म्हणून ओळखणं वेगळं, आणि तिला हिंसेने उत्तर द्यायची मुभा मिळणं वेगळं. मधली पायरी कुणीतरी सांगायला हवी. संरचनेत करणारा हात एकच नसतो म्हणूनच ती संरचना. तिच्यावर फेकलेला दगड तिला लागत नाही. तो गेटवरच्या रखवालदाराला लागतो, आणि तोही कंत्राटीच असतो. संरचना बदलते ती मागणीपत्राने, तपासणीने, कायद्याने, संपाने, म्हणजे अरेंट ज्याला सत्ता म्हणते त्याने. दोन व्याख्यानं आधी हे सगळं साहित्य बाईंनी स्वतःच हातात दिलं होतं. ते इथे जोडलं असतं तर हा अभ्यासक्रम माझ्यासारख्यांना शंभर टक्के उपयोगी पडला असता.

मालमत्तेच्या नासधुसीला हिंसा म्हणायचं का, हा प्रश्नही शेपटासारखा येऊन जातो. त्याला एक पूर्ण व्याख्यान हवं होतं.

दुसरी मोठी उणीव: आंबेडकर नाहीत. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युईने 1916 मध्ये बळ, हिंसा आणि कायदा यांत केलेला फरक उताऱ्यांत आहे, बळ वाया जातं किंवा विध्वंस करतं तेव्हा ते हिंसा होतं असा. पण अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ड्युईकडे शिकलेल्या आणि तोच फरक पुढे नेणाऱ्या विद्यार्थ्याचा उल्लेखही नाही. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना आंबेडकर ऊर्जा म्हणून बळ आणि हिंसा म्हणून बळ असा भेद करतात, आणि बुद्ध हिंसेविरुद्ध असला तरी न्यायासाठी आवश्यक तिथे बळाला त्याची मनाई नव्हती, असं मांडतात. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात तर ते, सनदशीर मार्ग खुले असताना रक्तरंजित क्रांतीबरोबर सत्याग्रहही सोडून द्यायला सांगतात. मी या भाषणाशी नेहमी भांडत आले आहे. हिंसेवर शिकवताना ज्याच्याशी असं भांडता येतं तो विचारवंत वगळणं मला पटत नाही. हे मी बाईंना लेखी कळवलं आहे.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांचं आंदोलनांवरचं काम शेवटच्या व्याख्यानात येतं: 1900 ते 2006 मधल्या 323 मोहिमा, अहिंसक मोहिमांपैकी सुमारे 53 टक्के यशस्वी, हिंसक मोहिमांपैकी 26 टक्के. मोहिमा निवडण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, तेही बाई सांगतात. माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा त्यामागचं कारण महत्त्वाचं: अहिंसक मोहिमेत म्हातारी माणसं, बायका, भित्री माणसंही येऊ शकतात.

थेट चर्चांबद्दल लिहिलंच पाहिजे. आमच्या गटात एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. बेंजामिनचा पोलिसांवरचा भाग त्यांना लागला, ते त्यांच्या आवाजात कळत होतं, पण त्यांनी एकही सत्र चुकवलं नाही. मी घेरावाबद्दल विचारलं: साहेबाच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही, पण रात्रभर त्याला खोलीबाहेर जाऊ दिलं नाही, तर ही हिंसा की दबाव? मला वाटलं ते गृहस्थ लगेच कलम सांगतील. त्यांनी उलट विचारलं, "त्याला लघवीला जाऊ दिलंत का?" सगळे गप्प झाले. मग बाईंनी त्यावरून अर्धा तास चर्चा चालवली: त्या माणसाला नको म्हणायची जागा उरली होती का, सकाळी त्याने केलेली सही संमती होती का, आणि त्या सहीवर उभा राहिलेला करार किती टिकतो. कुणीही निकाल दिला नाही. आमच्या पुढच्या कृतीचा आराखडा करताना मी ते तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते.

व्यवहाराच्या गोष्टी. आवाजाचं मुद्रण स्वच्छ आहे. बाईंचं बोलणं संथ, त्यामुळे प्रवासात ऐकलं तरी धागा सुटत नाही. उताऱ्यांचं मराठी वाचनीय आहे, बेंजामिनच्या उताऱ्याचा अपवाद सोडून. तिथे वाक्यं इतकी लांब आहेत की व्याख्यान आधी ऐकावं आणि मगच उतारा उघडावा. व्याख्यानांच्या लिखित प्रती मिळतात, पण त्यात शोध घेता येत नाही. चर्चेची मुद्रणं ठेवत नाहीत. त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

राज्यशास्त्राची पार्श्वभूमी नसली तरी चालतं. वेळ कमी असेल तर वेबर, बेंजामिन आणि अरेंटची दोन व्याख्यानं एवढी ऐकावीत. गाल्टुंगचं व्याख्यान अरेंटच्या आधी ऐकावं, क्रम उलटा करून. मी संघटनेतल्या पोरांना तसंच सांगितलं आहे. फॅनॉनच्या रुग्णनोंदी एकट्याने वाचू नका, कुणाला तरी सोबत घ्या.